एच-वन-बीचा किमान पगार ६०,००० डॉलर नसतो, तुमचा खरा आकडा एलसीएवर असतो

गेल्या महिन्यात भाचीचा व्हॉट्सॲपवर मेसेज आला, "मावशी, नवीन कंपनीचं ऑफर लेटर आलंय, ७२ हजार देतायत, एचआर म्हणाली एच-वन-बीला कायद्याने मिनिमम ६० हजारच आहे त्यामुळे आपण बरंच वर आहोत, सही करू ना?" मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी होते, तिथूनच टाईप केलं की थांब, आज सही करू नकोस, आधी त्यांच्याकडे एलसीएची कॉपी माग. तिचं उत्तर आलं, "ते काय असतं?" दोन वर्षं एच-वन-बीवर, म्हणजे शिकलेल्या माणसांना कामासाठी अमेरिकेतली कंपनी जो व्हिसा काढून देते त्यावर, काम करतेय पोरगी, पण पहिल्या कंपनीत सगळं वकिलांनी केलं, हिने दाखवलेल्या जागी सह्या केल्या, त्यामुळे तिचा काही दोष नाही. २००८ साली मी पुण्याहून न्यू जर्सीला आले तेव्हा मलाही एलसीए हे तीन अक्षरी नाव (तुमचा पगार आणि कामाची जागा लिहून कंपनी कामगार खात्याला देते तो कागद) माहीत नव्हतं आणि त्यापायी माझा तीन महिन्यांचा पगार गेला, तो किस्सा खाली सांगतेच.

त्या दिवशी तिला फोनवर जे समजावलं तेच इथे जरा नीट लिहितेय, कारण हा साठ हजारांचा आकडा मी गेली पंधरा-सोळा वर्षं ऐकतेय, मंडळाच्या गणपतीत, पोटलकमध्ये, मुलांच्या मराठी शाळेबाहेर गाडीत बसलेल्या आईबाबांकडून, सगळीकडून. मी वकील नाही, पण हे नियम सरकारच्या वेबसाइटवर उघड पडलेले आहेत आणि मी ते वाचलेत.

तर आधी त्या ६०,००० बद्दल. अमेरिकेत १९९८ साली एच-वन-बीच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि ज्या कंपन्यांमध्ये एच-वन-बीवाल्यांचं प्रमाण फार जास्त आहे (५० पेक्षा जास्त माणसं असलेल्या कंपनीत १५ टक्के किंवा अधिक) त्यांना सरकारने 'डिपेंडंट एम्प्लॉयर' असा शिक्का मारला. अशा कंपन्यांनी जास्तीची हमी द्यायची, की आम्ही आधी अमेरिकन माणूस शोधायचा प्रयत्न केला आणि कुणा अमेरिकनाला काढून त्याच्या जागी हा माणूस घेतलेला नाही. मात्र एक सूट ठेवली, ज्या एच-वन-बीवाल्याला वर्षाला किमान ६०,००० डॉलर मिळतात किंवा ज्याच्याकडे कामाशी संबंधित मास्टर्स आहे, त्याच्या बाबतीत ही जास्तीची हमी द्यायची गरज नाही. बस्स, ६०,००० चा संबंध एवढाच. हा किमान पगार नव्हताच कधी, एका जादा अटीतून सुटायची ती पायरी होती, आणि १९९८ पासून तो आकडा तसाच आहे, महागाईप्रमाणे वाढवलेलाही नाही. पण कंपन्या सगळ्यांना ६० च्या जरासं वर ठेवायला लागल्या, लोकांनी पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या पावतीवर, तेच आकडे बघितले आणि 'मिनिमम ६०' हे पक्कं डोक्यात बसलं.

दुसरा गैरसमज उलट बाजूचा. काहींना वाटतं अमेरिकेचा जो साधा मिनिमम वेज आहे, तासाला ७.२५ डॉलर, २००९ पासून बदललेला नाही तो, त्याच्या वर दिलं की कंपनी सुटली. तेही नाही. तो नियम सगळ्यांनाच लागू आहे, पण एच-वन-बीवाल्याला ठेवणाऱ्या कंपनीवर त्याच्या वर एक वेगळी, खूप कडक अट आहे.

ती अट अशी, की दोन आकडे काढायचे आणि त्यातला जो मोठा असेल तो द्यायचा. पहिला आकडा म्हणजे कंपनी त्याच कामाला, तेवढ्याच शिक्षणाच्या आणि अनुभवाच्या आपल्या बाकी माणसांना तिथे प्रत्यक्षात काय देते, याला म्हणतात ॲक्च्युअल वेज. दुसरा म्हणजे त्या भागात त्या कामाचा चालू दर काय आहे, याला म्हणतात प्रिव्हेलिंग वेज. आपल्याकडे गवंड्याला किंवा सुताराला आपण विचारतोच की, इकडे रोजाचा भाव काय चाललाय, तसंच हे, फक्त इथे भाव सरकार सर्व्हे करून ठरवतं. म्हणजे बाजारभाव ९० हजार आणि तुमच्या टीममधल्या तुमच्यासारख्याच अमेरिकन मुलाला कंपनी ९८ देतेय, तर तुम्हाला ९८ च मिळायला हवेत. ९० देऊन 'आम्ही सरकारी दर दिला' म्हणता येत नाही. एकेकाळी बाजारभावाच्या ९५ टक्के दिले तरी चालायचं, २००४ च्या कायद्याने ती सवलत काढली, आता शंभर टक्के.

हा बाजारभाव तीन गोष्टींवर ठरतो, काम काय, जागा कोणती आणि लेव्हल कितवी. भानगड होते ती या तिन्हींतच, म्हणून जरा सावकाश सांगते.

कामाला एक सरकारी कोड असतो. सॉफ्टवेअर डेव्हलपर वेगळा, कॉम्प्युटर प्रोग्रामर वेगळा, सिस्टम्स ॲनालिस्ट वेगळा, आणि प्रत्येकाचा दर वेगळा. तुम्ही दिवसभर कोड लिहिताय आणि कागदावर भलताच, कमी दराचा कोड टाकलाय असं होऊ शकतं, त्यामुळे कागदावरचं कामाचं नाव आणि तुमचं रोजचं काम जुळतंय का ते बघा.

जागा म्हणजे तुम्ही जिथे बसून काम करणार ती जागा, कंपनीचं हेड ऑफिस नव्हे. हे मी मुद्दाम पुन्हा लिहिते, कंपनीचं ऑफिस कुठे आहे याला काही अर्थ नाही, तुमची खुर्ची कुठे आहे ते महत्त्वाचं. सॅन होजेचा दर आणि एखाद्या लहान गावाचा दर यात प्रचंड अंतर असतं आणि कन्सल्टन्सीवाले, म्हणजे आपली माणसं दुसऱ्या कंपनीकडे (क्लायंटकडे) कामाला पाठवणारे, कमी दराच्या गावात एक छोटं ऑफिस दाखवून तिथला कागद काढतात आणि माणूस बसतो क्लायंटकडे भलत्याच महागड्या शहरात, हे प्रकार झालेले आहेत. नियम असा की कामाची जागा त्या शहराच्या टापूबाहेर गेली की नवा एलसीए काढून इमिग्रेशनकडे अमेंडमेंट (आधीच्या अर्जाची दुरुस्ती) भरायची, २०१५ मध्ये सिमिओ नावाच्या निकालाने हे अगदी स्पष्ट झालं. थोड्या दिवसांची तात्पुरती ड्युटी चालते, पण वर्षभराचं प्रोजेक्ट नाही. आणि हो, वर्क फ्रॉम होम करत असाल तर तुमचं घर हीच कामाची जागा. त्याच शहराच्या टापूत असाल तर फार काही करावं लागत नाही, पण भाडं कमी म्हणून दुसऱ्या राज्यात जाऊन राहिलात आणि कंपनीला सांगितलं नाहीत तर अडचण तुमच्या स्टेटसची, म्हणजे कायदेशीर राहण्याच्या हक्काची, होते, त्यामुळे ही चूक आपल्या बाजूने करू नका.

आता लेव्हल. लेव्हल चार आहेत. शाळेत पीटीच्या तासाला उंचीप्रमाणे रांग लावायचे तशी कल्पना करा, एका शहरात एकच काम करणारी शंभर माणसं पगाराप्रमाणे रांगेत उभी केली, सगळ्यात कमी पगाराचा पुढे. तर साधारण सतराव्या माणसाचा पगार म्हणजे लेव्हल वन, चौतिसाव्याचा लेव्हल टू, पन्नासाव्याचा लेव्हल थ्री आणि सदुसष्टाव्याचा लेव्हल फोर. म्हणजे बघा, लेव्हल वनवरच्या माणसाच्या मागे ऐंशीच्या वर माणसं उभी आहेत जी त्याच कामाचे जास्त घेतायत. लेव्हल थ्रीला कुठे तुम्ही मधोमध येता. हे आकडे कामगार खात्याच्या वेबसाइटवर कुणालाही बघता येतात, काम आणि काउंटी टाकली की चारही लेव्हलचे दर समोर येतात, आणि दर जुलैला नवे आकडे चढतात.

लेव्हल कोण ठरवतं? कंपनी ठरवते, पण मनाला येईल तशी नाही. एकापासून सुरू करायचं आणि त्या जागेसाठी नेहमीपेक्षा जास्त अनुभव मागितला असेल तर पॉइंट वाढवायचा, शिक्षण जास्त मागितलं असेल तर वाढवायचा, हाताखाली माणसं असतील तर वाढवायचा, काही खास कौशल्य लागत असेल तर वाढवायचा. इथे एक गोष्ट लोकांना पटत नाही पण खरी आहे, लेव्हल ठरते ती जागेसाठी काय लागतं यावरून, तुमच्याकडे काय आहे यावरून नाही. तुमच्याकडे आठ वर्षांचा अनुभव असेल आणि कंपनीने जागा लिहिली 'डिग्री हवी, अनुभवाची गरज नाही' तर कागदावर लेव्हल वन बसू शकते. लेव्हल वन म्हणजे नवखा, ज्याच्या कामावर कुणीतरी बारीक नजर ठेवून असतं असा माणूस. मग तुम्ही स्वतः क्लायंटसमोर टीम लीड म्हणून बसत असाल आणि कागदावर लेव्हल वन असाल तर तो कागद खोटा आहे, सरळ शब्दांत. माझ्या मते सगळ्यात जास्त पैसा इथे मारला जातो, आणि तो मारला गेला हे माणसाला कळतही नाही कारण पगार तर वेळेवर येत असतो.

या लेव्हलचे दर वाढवायचा प्रयत्न एकदा झाला होता. ऑक्टोबर २०२० मध्ये ट्रम्प सरकारने एका रात्रीत सतराच्या जागी पंचेचाळीस, सदुसष्टच्या जागी पंच्याण्णव असं करून टाकलं, लोकांची नुसती धावपळ झाली, पण लोकांना मत मांडायला वेळच दिला नाही म्हणून डिसेंबरमध्ये कोर्टाने तो नियम रद्द केला. नंतर जरा सौम्य नियम आणला तोही २०२१ मध्ये गेला. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलर फी लावायची घोषणा झाली, तिच्यातही कामगार खात्याला हे दर पुन्हा बघायला सांगितलंय. आणि डिसेंबर २०२५ मध्ये, एच-वन-बी कुणाला मिळणार हे ज्या लॉटरीने ठरतं तिचा नियमच बदलला, आता लेव्हल फोरच्या पगाराचं नाव चार वेळा चिठ्ठीत पडतं, थ्रीचं तीन वेळा, वनचं एकदाच. म्हणजे आजवर लेव्हल कमी असण्याने फक्त पगार कमी व्हायचा, आता नंबर लागायची शक्यताच कमी होते, त्यामुळे नव्याने येणाऱ्या मुलांनी तर कंपनीला पहिल्याच दिवशी विचारायला हवं की तुम्ही माझं नाव कोणत्या लेव्हलच्या पगारावर टाकताय.

आता तो कागद. एलसीए म्हणजे लेबर कंडिशन ॲप्लिकेशन. एच-वन-बीची फाईल इमिग्रेशनकडे जाण्याआधी कंपनीला हा कामगार खात्याकडे भरावा लागतो आणि त्यात ती चार गोष्टी लिहून देते, की मी हा पगार देईन, याच्यासाठी बाकीच्यांच्या कामाच्या परिस्थितीला धक्का लावणार नाही, इथे संप किंवा टाळेबंदी नाही, आणि मी कामाच्या जागी तशी नोटीस लावली आहे. वर कामाचा कोड, जागेचा पत्ता, लेव्हल, बाजारभाव आणि तुम्हाला कबूल केलेला पगार, सगळं छापलेलं असतं. कामगार खातं सात कामकाजाच्या दिवसांत मंजूर करतं, पण ते मंजूर करणं म्हणजे रकाने भरलेत का आणि उघड चूक नाही ना एवढंच बघणं, कोणी येऊन तपासत नाही की ही मुलगी खरंच लेव्हल वनचं काम करते का. त्यामुळे 'सरकारने पास केलंय ना, मग बरोबरच असेल' हे डोक्यातून काढून टाका. तपासणी होते ती तक्रार झाल्यावर.

आणि या कागदाची कॉपी तुम्हाला देणं कंपनीला बंधनकारक आहे, कामावर रुजू व्हायच्या दिवसापर्यंत. शिवाय कंपनीला एक पब्लिक फाईल ठेवावी लागते, एलसीए भरल्याच्या दुसऱ्या कामकाजाच्या दिवसापर्यंत ती तयार हवी, त्यात एलसीए, पगाराचा दर, तो कसा ठरवला त्याचा खुलासा, हे सगळं असतं आणि ती फाईल कुणीही मागून बघू शकतं. एलसीए मागितला म्हणून कंपनीला राग आला तर ती कंपनी कशी आहे ते तुम्हाला तिथेच कळलं.

पगार म्हणजे नेमकं काय धरतात यावरही फार घोळ आहे. पेरोलवर दाखवलेला, टॅक्स कापलेला, दर महिन्याला किंवा त्याहून लवकर हातात पडणारा पैसा म्हणजे पगार. नक्की मिळणार असं लेखी दिलेला बोनस धरता येतो, 'चांगलं काम केलं तर बघू' वाला बोनस नाही. गेस्ट हाऊसमध्ये ठेवलं म्हणून त्याचं भाडं पगारात धरता येत नाही. पर डीएम, म्हणजे रोजचा भत्ता, तोही पगार नाही, आणि टॅक्स वाचतो म्हणून भत्ता जास्त आणि पगार कमी दाखवायची जी पद्धत आहे तिला भुलू नका. आणि तो ८०-२० वाला करार, म्हणजे क्लायंट जे बिल देईल त्याचे ८० टक्के तुमचे, तो खुशाल करा पण एलसीएवरच्या आकड्याच्या खाली एकाही पगारात जाता येत नाही, बिल आलं असो वा नसो.

बिल आलं नाही तर काय, म्हणजेच बेंच, प्रोजेक्टविना बसून राहणं. इथे माझी गोष्ट.

२००८ च्या ऑक्टोबरमध्ये आले, तेव्हा लीमन ब्रदर्स ही मोठी बँक बुडून महिनाही झाला नव्हता. न्यू जर्सीत कंपनीच्या गेस्ट हाऊसमध्ये आम्ही सात जणी दोन खोल्यांत, आळीपाळीने वरण-भात, एका फोनवर सगळ्यांचे इंटरव्ह्यू. मालक सांगायचा, मार्केट खराब आहे, प्रोजेक्ट लागलं की पगार सुरू. आम्हाला ते अगदी रास्त वाटायचं, काम नाही तर पगार कसा मागायचा, आपल्या घरचे संस्कारच तसे. येण्याआधी त्यांच्या भारतातल्या ऑफिसात व्हिसाचा खर्च म्हणून पैसे भरले होते ते वेगळेच, बाबांनी एफडी मोडली होती त्यासाठी. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी असेच गेले. फेब्रुवारीत प्रोजेक्ट लागलं आणि मी देवापुढे साखर ठेवली. तीन महिन्यांचा पगार मागायचं डोक्यातही आलं नाही. एक मैत्रीण तर त्याहून वाईट अडकली, पुढे दुसऱ्या कंपनीत जाताना पे स्टब लागणार म्हणून मालक म्हणाला तुझा पगार आणि दोन्हीकडचा टॅक्स तू मला दे, मी पेरोल रन करून देतो, आणि तिने नवऱ्याकडून पैसे घेऊन स्वतःच्याच पैशाचा स्वतःला पगार घेतला.

कायदा काय म्हणतो ते मला दोन वर्षांनी कळलं. एच-वन-बीवर नव्याने देशात आल्यापासून ३० दिवसांच्या आत पगार सुरू झालाच पाहिजे, काम असो वा नसो. इथेच राहून स्टेटस बदललं असेल तर ६० दिवस. त्याआधीच तुम्ही कामाला हजर झालात, ट्रेनिंगला बसलात, कंपनीच्या सांगण्यावरून इंटरव्ह्यू देत बसलात, तर तेव्हापासून. मधे प्रोजेक्ट संपलं आणि कंपनीकडे काम नाही, तर तो कंपनीचा प्रश्न, पूर्ण पगार चालू. एलसीए फुल टाईमचा असेल तर बेंचवर अर्धा पगारही चालत नाही. पगार थांबवता येतो तो फक्त तुम्ही स्वतःच्या कारणाने सुट्टी घेतली तर, बाळंतपण, आजारी आईला भेटायला भारतात जाणं वगैरे. आणि ती सुट्टी खरंच तुम्ही मागितलेली हवी, कंपनीने 'जा जरा घरी जाऊन ये, आणि सुट्टीचा अर्ज टाक' असं सांगितलेली नव्हे. बेंचवर असताना असा अर्ज लिहून देऊ नका, तो एक कागद तुमच्या दाव्याच्या आड येऊ शकतो.

कंपनीला पगार द्यायचाच नसेल तर नोकरीवरून रीतसर काढावं लागतं, म्हणजे तुम्हाला कळवायचं, इमिग्रेशनला कळवायचं आणि मुदतीआधी काढलं म्हणून तुमचं परत जाण्याचं वाजवी भाडं देऊ करायचं. हे केल्याचा पुरावा नसेल तर पगाराची जबाबदारी चालूच राहते असं धरलं जातं. तुम्ही स्वतः राजीनामा दिलात तर भाडं नाही, म्हणून कधीकधी 'राजीनामा दे, तुझं रेकॉर्ड चांगलं राहील' असं गोड बोलतात.

व्हिसाच्या खर्चाचंही तसंच. एलसीए आणि एच-वन-बी अर्जाची फी, त्याचा वकील, हा कंपनीचा धंद्याचा खर्च आहे, तो तुमच्याकडून घेतल्यावर तुमचा पगार ठरलेल्या आकड्याखाली जात असेल तर ती पगारचोरीच धरतात. ट्रेनिंग फंडासाठी सरकार जी ७५० किंवा १,५०० डॉलर फी घेतं ती तर कोणत्याही रूपात माणसाकडून घेता येत नाही. हे फक्त देसी कन्सल्टन्सीतच होतं असं नाही बरं का. वॉशिंग्टनजवळच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीच्या सरकारी शाळांनी फिलिपिन्सहून शिक्षक आणले होते आणि खर्च त्या शिक्षकांनीच केला होता, कामगार खात्याने हजारावर शिक्षकांना सुमारे ४२ लाख डॉलर परत द्यायला लावले, २०११ ची गोष्ट. पण शिक्षा म्हणून त्या शाळांना दोन वर्षं नवीन अर्ज भरायला बंदी झाली आणि त्यामुळे त्याच शिक्षकांचे व्हिसा अडकले, ज्यांच्यासाठी हे सगळं झालं त्यांच्याच. हे मला लपवायचं नाही, कारण तक्रार करणारा माणूस हाच हिशेब मनात करत असतो आणि त्याला भित्रा म्हणणं अन्यायाचं आहे.

तरीही तक्रारीची वाट माहीत हवी. कामगार खात्याचा वेज अँड अवर विभाग आहे, डब्ल्यूएच-४ नावाचा फॉर्म आहे, फी नाही, वकील लागतोच असं नाही. मुदत मात्र १२ महिने, शेवटचा नियमभंग झाला त्या दिवसापासून. मला कळलं तोवर ती मुदत उलटून गेली होती. तक्रार केली म्हणून कंपनीने त्रास देणं, काढून टाकणं बेकायदा आहे, आणि पगार न मिळाल्यामुळे तुमचं स्टेटस बिघडलं असेल तर ही तक्रार आणि पुरावा जोडून इमिग्रेशनकडे 'असाधारण परिस्थिती' म्हणून सवलत मागता येते, देणं न देणं त्यांच्या हातात. पुरावा म्हणजे पे स्टब, डब्ल्यू-टू (वर्षभराचा पगार आणि टॅक्स दाखवणारा कागद), बँकेची स्टेटमेंट्स, 'प्रोजेक्ट लागलं की पगार' वाले मेसेज, रोज काय केलं त्याची साधी डायरी. हे सगळं कंपनीच्या लॅपटॉपवर नाही, आपल्या फोनवर आणि घरी ठेवा.

एल-वनवर, म्हणजे कंपनीने आपल्याच परदेशी शाखेतून बदली करून आणलेल्यांच्या व्हिसावर, आलेल्यांसाठी मात्र एक वाईट बातमी, हे बाजारभावाचं संरक्षण त्यांना नाही. एल-वनला एलसीएच नसतो. त्यांना अमेरिकेचा साधा किमान वेतनाचा कायदा लागू. तो तरी पाळावा, पण २०१४ मध्ये उघडकीस आलं, की सिलिकॉन व्हॅलीतल्या एका कंपनीने बंगळुरूहून आठ माणसं इथे कॉम्प्युटर बसवायला आणून त्यांना भारतातलाच रुपयातला पगार चालू ठेवला होता, तासाला १.२१ डॉलर पडत होते आणि आठवड्याला १२२ तासांपर्यंत काम. कंपनीने सांगितलं आम्हाला माहीत नव्हतं. ४०,००० डॉलरच्या वर थकबाकी भरायला लागली. ती माणसं मिळेल त्यात काम करत राहिली, आणि मला त्यांचं काहीच नवल वाटत नाही, डोक्यात रुपयाचा हिशेब चालू असला की तो आकडा कमी वाटतच नाही. विद्यापीठात पोस्टडॉक करणाऱ्यांचा बाजारभावही वेगळा, विद्यापीठांच्याच पगारावरून काढलेला आणि बहुतेक वेळा कमी असतो, तेव्हा त्यांनी आयटीतल्या मित्राच्या आकड्याशी तुलना करून घाबरू नये.

आता भाचीचं. तिने एचआरला ईमेल टाकला (फोन नाही, ईमेल, हे मी बजावलं होतं) की कृपया एलसीएचा कामाचा कोड, लेव्हल आणि कामाचा पत्ता कळवा आणि कॉपी द्या. चार दिवस उत्तर नाही. मग ड्राफ्ट आला, त्यात लेव्हल वन, आणि पत्ता कंपनीच्या स्वतःच्या ऑफिसचा, जिथून क्लायंट तीन तासांवर आहे आणि ही बसणार रोज क्लायंटकडे. तिला चार वर्षांचा अनुभव, आणि ऑफरमध्येच लिहिलंय की दोन ज्युनिअर तिला रिपोर्ट करतील. आम्ही दोघींनी रात्री स्क्रीन शेअर करून सरकारी साइटवर क्लायंटच्या काउंटीचे चारही दर काढले आणि त्याचा स्क्रीनशॉट जोडून तिने तीन ओळींचा दुसरा मेल लिहिला, भांडण नाही, नुसतं विचारलं की पत्ता आणि लेव्हल माझ्या जॉब डिस्क्रिप्शनशी जुळत नाही, दुरुस्त कराल का.

दोन आठवड्यांनी सुधारलेला एलसीए आला, क्लायंटचा पत्ता आणि लेव्हल थ्री. पगार पाच आकडी डॉलरने वाढला. तिने मला फोन करून विचारलं, "मावशी, मी काहीच न बोलता सही केली असती तर त्यांनी कधी सांगितलं असतं का?" मी नाही म्हणाले. ती कॉपी तिने प्रिंट काढून पासपोर्टच्या पाकिटात ठेवलीय.